फ्रिजमधल्या किल्ल्या

सर,

तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणजे तुम्ही हयात असतात तरी हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं. मी इंग्रजीत सुरुवात करून पाहिली होती. चार ओळींतच ते कामाच्या ईमेलसारखं दिसायला लागलं, म्हणून पुसून टाकलं. 'सर' म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही, हेही लक्षात आहे. सेटवर सगळे तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारायचे, कॉफीच्या टेबलावरची मुलगीसुद्धा. मला ते कधी जमलं नाही. "राणीने अजून मला 'सर' किताब दिल्याचं कळवलेलं नाही," असं तुम्ही दर वेळी म्हणायचात, आणि मी दर वेळी "हो, सर" म्हणायचे.

कामाचं आधी सांगते. तुमचे सगळे सिनेमे कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने विकत घेतले आणि त्यांचं चित्र आणि आवाज नव्याने स्वच्छ करायचं काम टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या एका स्टुडिओला दिलं. त्या स्टुडिओत मी आता आवाजाचं काम करते. तुमचे भीतिपट, पोलिसांचे सिनेमे, टीव्हीसाठी केलेल्या त्या ख्रिसमसच्या गोष्टी, सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते शेवटच्या सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगावर. बाई स्वयंपाकघरात एकटी बसली आहे, मागे फ्रिजची घरघर आहे, ती घरघर थांबते आणि बाई मान वर करते. एवढाच प्रसंग. सफाईच्या सॉफ्टवेअरने घरघर हा दोष समजून काढून टाकली. मी ती परत घातली. तपासणीतून शेरा आला: शेवटच्या दृश्यात यंत्राचा आवाज, काढावा. मी ठेवूनच पाठवला, पुन्हा परत आला. माझा सुपरवायझर माझ्यापेक्षा लहान आहे आणि स्वभावाने चांगला आहे. तो म्हणाला, "तू म्हणतेस ते मला पटतंय. पण दिग्दर्शकाला हेच हवं होतं असं सांगणारं कोणीतरी लागेल."

"मी सांगते आहे ना. मी तिथे होते."

"तू तेव्हा माईक धरून उभी होतीस. त्यांच्या घरचं कोणी नाही का?"

नवी प्रत एकदा गेली की जुनी सगळीकडून काढून टाकणार होते. म्हणजे यापुढे जो कोणी तो सिनेमा पाहील, त्याला एक बाई दिसेल, जी काहीही न होता उगाच मान वर करते. तुमच्या सगळ्या कारकिर्दीत हा एकच प्रसंग असा होता की ज्यात तुम्ही कोणाचंही ऐकलं नाही. तोच उगाच होणार होता.

तुमची कारकीर्द मला सलग कधी कोणी सांगितली नाही. शूटिंगच्या गाडीतून एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना ती तुमच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि मला अर्धवट माहिती आवडत नाही म्हणून मी ती मनात क्रमाने लावून घेतली. सरोवराच्या पलीकडे, अमेरिकेच्या बाजूला, कागदाच्या गिरणीचं गाव. वडील गिरणीत. तुम्ही शाळेत असताना ड्राइव्ह-इन थिएटरात गाड्यांच्या खिडक्यांना स्पीकर अडकवायचं काम करायचात. पाऊस आला की लोक स्पीकर न काढताच गाड्या चालू करायचे आणि वायरी तुटायच्या. दुसऱ्या दिवशी त्या वायरी जोडत बसायचं कामही तुमचंच. मग कॅलिफोर्निया. तिथे दुसऱ्यांच्या पटकथा वाचून त्यांच्यावर एका परिच्छेदात मत द्यायचं. मग स्वतःची पटकथा. तिच्यात दलदलीतून येणारा एक राक्षस होता. निर्मात्याच्या हिशेबात राक्षस बसेना, म्हणून सिनेमा होईपर्यंत त्याचा कुत्रा झाला. तुम्ही निर्माता झालात ते आपल्या राक्षसाचा पुन्हा कोणी कुत्रा करू नये म्हणून, आणि दिग्दर्शक झालात ते तुम्ही नेमलेला दिग्दर्शक दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत निघून गेला आणि परत आला नाही म्हणून. पुढे मोठ्या स्टुडिओचा एक सिनेमा मिळाला. तो चालला. पण त्याचा शेवट त्यांनी बदलला होता. "पडद्यावर नाव माझं, शेवट कोणा दुसऱ्याचा," असं तुम्ही सांगितलंत, आणि खिडकीबाहेर बघत पुढच्या चौकाचं नाव वाचलंत. त्यानंतर एका स्वस्तातल्या सिनेमासाठी टोरांटोला आलात आणि राहिलात.

राहिलात म्हणजे टोरांटोला दुसऱ्या शहरांचे कपडे घालत राहिलात. कुठली गल्ली बॉस्टन होऊ शकते, कुठल्या पुलाखालून शिकागो दिसतं, कुठल्या कोपऱ्यावर कॅमेरा थोडा डावीकडे सरकला की आपली लाल ट्रॅम चौकटीत येऊन सगळं बिंग फोडते, हे तुम्हाला पाठ होतं. गाड्यांच्या नंबरप्लेट बदलायच्या, टपालपेट्या झाकायच्या, कॅनडाचे झेंडे उतरवायचे. तुमचे त्या काळातले बहुतेक सिनेमे सामान्य आहेत. हे मी आता सगळे पुन्हा, एकेक चौकट ऐकून म्हणते आहे. पण एकही आळशी नाही. लेखक, निर्माता आणि दिग्दर्शक तुम्हीच असल्यामुळे अडचण आली की तुम्ही तिघांची मीटिंग घ्यायचात, सगळ्यांसमोर, मोठ्याने. "लेखकाला पाऊस हवाय. निर्माता म्हणतो, पाऊस परवडत नाही. दिग्दर्शक म्हणतो, बाईला ओली छत्री घेऊन आत येऊ दे." बाई ओली छत्री घेऊन आत येते, छत्री दाराशी टेकवते, आणि जमिनीवर थेंब पडतात. तो प्रसंग मी गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला. बाहेर पाऊस पडत नव्हता हे मला माहीत आहे, मी त्या वेळी तिथे होते. तरी बाहेर पाऊस आहे.

मी तुमच्याकडे आले ती इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन, एका उन्हाळ्यासाठी, आणि मग राहिलेच. लांब काठीच्या टोकाला माईक लावून तो बोलणाऱ्यांच्या डोक्यावर धरायचा, पण चौकटीत दिसू द्यायचा नाही, हे माझं काम. मम्मीला ते समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून काठी धरतेस?" पुढे मी आवाजाच्या सफाईकडे वळले तेव्हा म्हणाली, "म्हणजे आता धुणीभांडी." तिचं हे बोलणं मी तुम्हाला इंग्रजीत सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला आपण पटकथा लिहायला घेऊ."

पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही मला फ्रिजचा नियम शिकवलात. कोणाच्या घरात शूटिंग असलं की आवाजवाल्यांनी आधी फ्रिज बंद करायचा, कारण आपल्या कानाला त्याची घरघर ऐकू येत नाही, माईकला येते. आणि काम संपल्यावर तो परत चालू करायला हमखास विसरतात, घरमालकाचं दूध नासतं. मी माझ्या बाहीवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर 'फ्रिज' लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, "हे काय?"

"आठवण राहावी म्हणून, सर."

"संध्याकाळी तू दमलेली असशील. ही पट्टी तुला दिसणारसुद्धा नाही. गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. जिच्याशिवाय घरी जाताच येणार नाही अशी वस्तू आत ठेवली की विसरायची सोयच नाही."

माझ्याकडे गाडी नव्हती. मी हा प्रश्न गणितासारखा सोडवला. बसचा पास आत राहिला तर तिकीट काढता येतं. फोनशिवायही घर सापडतं. बाहेर बर्फ होता आणि आवाजवाले सेटवर मऊ बूट घालतात, म्हणून माझे बर्फातले बूट दाराशी काढलेले होते. मी त्यातला एक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दुधाशेजारी ठेवला. दुपारी त्या घरच्या बाईंनी फ्रिज उघडला आणि तुम्हाला बोलावून आणलं. तुम्ही वाकून बराच वेळ आत बघत होतात.

"हा कोणाचा?"

"माझा, सर."

"एकच?"

"एक पुरतो, सर."

तुम्ही हसता हसता जमिनीवर बसलात. त्या दिवसापासून सेटवर मला सगळे 'बूट' म्हणायला लागले. पुढच्या वर्षी मी जुनी गाडी घेतली तेव्हा तुम्ही तुमच्या ओकव्हिलच्या घरच्या गॅरेजमधले विंटर टायर घेऊन आलात. माझ्या गाडीला ते बसणार नाहीत हे मी बघताक्षणी सांगितलं. तुम्ही दोन दिवसांनी योग्य मापाचे चार आणून दिलेत. "आता बूट पायात घाल," म्हणालात.

आता त्या संध्याकाळचं. माझी गाडी बर्फात चालू होईना आणि तुम्ही मला नॉर्थ यॉर्कला सोडायला आलात. मी मम्मीला फोन करून सांगितलं की खाली उतरते आहे. ती म्हणाली, "अगो बाय, त्यांना वर बोलव. असा स्नो पडतोय आणि तो म्हातारा माणूस एवढं ड्राइव्ह करून उपाशी परत जाणार?" पप्पांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि तोवर बाहेरचं कोणी आमच्याकडे जेवलं नव्हतं. मम्मीने कोलंबीचं कालवण केलं होतं, वसईहून मावशीने पाठवलेल्या बॉटल मसाल्यातलं, आणि तांदळाच्या रोट्या. तिने तुम्हाला इंग्रजीत विचारलं, तिखट चालतं का. "माझ्या बायकोला विचारलं तर मला काहीच चालत नाही," असं म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा कालवण घेतलंत. मम्मी खूश. मला मराठीत म्हणते, "सिनेमावाला वाटत नाही हां. आपल्या पॅरिशच्या फादरसारखा आहे." तुम्ही विचारलंत, काय म्हणाली. मी म्हटलं, "कालवण आणखी घ्या म्हणते आहे."

आमचा फ्रिज बिल्डिंगचा, जुना. तो चालू असताना मोठ्याने घरघरायचा आणि थांबताना सगळं अंग झटकायचा, दारातल्या बाटल्या एकदा किणकिणायच्या. त्या संध्याकाळी तो थांबला, बाटल्या वाजल्या, आणि मम्मीने मान वर करून दाराकडे पाहिलं. पप्पा गोदामातल्या सेकंड शिफ्टवरून साधारण त्याच सुमाराला यायचे. ती रोजच असं बघायची, आणि मी रोज जे म्हणायचे तेच म्हटलं, "फ्रिज आहे, मम्मी." तिने "हो" म्हणून रोटी वाढली. तुमचा हात ताटावर तसाच थांबलेला होता.

तुम्हाला खाली पोचवायला मी लिफ्टमध्ये आले. आपल्या सगळ्या ओळखीत तुम्ही मला रागावून काही बोललात ते एवढंच. रागावून म्हणजे अगदी हळू आवाजात. "तिने काय ऐकलं ते तिला समजावून सांगू नकोस."

"पण फ्रिजच होता, सर."

"तुझं बरोबरच आहे. तुझं नेहमी बरोबर असतं. फ्रिज आहे हे तिला माहीत नाही असं वाटतं का तुला?"

लिफ्टचं दार उघडलं. बाहेर पडताना तुम्ही माझ्या आईच्या स्वयंपाकाबद्दल काहीतरी बोललात. मी वर जायचं बटण दाबलं. मला तुमचा राग आला होता. त्यानंतर मी मम्मीला फ्रिजचं कधी सांगितलं नाही.

तुमचा शेवटचा सिनेमा तुम्ही त्या वसंतात लिहिलात. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा टोरांटो हे टोरांटोच होतं. झेंडे उतरवायचे नव्हते, ट्रॅम येऊ द्यायची होती. नॉर्थ यॉर्कच्या एका उंच बिल्डिंगमध्ये एकटी राहणारी बाई, एवढीच गोष्ट. शेवटचं पान तुम्ही आधी मला वाचायला दिलंत, आणि म्हणालात की तुझ्या आईची परवानगी नसेल तर हे पान नाही. मी मम्मीला सगळं नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "घेऊ देत की. मानच तर वर केली मी, त्यात काय?" मग थोड्या वेळाने, "आणि किचन कुठलं दाखवणार? आपलं दाखवा म्हणावं. मी ओव्हन साफ करते."

म्हणून आमच्या घरात शूटिंग झालं. इतकी माणसं त्या घरात पप्पांच्या वेळीसुद्धा आली नव्हती. मम्मीने सगळ्यांसाठी मैद्याचे फुगे तळले होते, आणि तो लांब दाढीचा दिवेवाला एकेक फुगा फोडून आत काही भरलेलं आहे का ते बघत होता. "त्याला सांग, आत हवा आहे, बाबा, खा," मम्मी मला म्हणाली. नंतर ती बेडरूममध्ये रोझरी घेऊन बसली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी तपासलं होतं.

फ्रिज चालू ठेवायचा आणि तो आपणहून थांबेपर्यंत वाट बघायची, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी विरोध केला. घरघर नंतर वेगळी घालता येते. किंवा थर्मोस्टॅटला हात लावून मी तो हव्या त्या क्षणी थांबवते. हे दोन्ही उपाय बरोबर होते, आजही बरोबर आहेत. तुम्ही म्हणालात, "तू थांबवलास तर तो कधी थांबणार ते तुला कळेल. मग मला कळेल. मग तिला कळेल." ती म्हणजे अभिनेत्री. "तिला कळता कामा नये." पहिल्या वेळी फ्रिज थांबलाच नाही. दुसऱ्या वेळी ती टेबलाशी बसायच्या आधीच थांबला. मग कोणीतरी दार उघडलं आणि तो नव्याने सुरू झाला. सहायक दिग्दर्शक घड्याळ दाखवायला लागली. दिवेवाला कुजबुजला, "फ्रिजची युनियनची सुट्टी अजून झालेली नाही." तुम्ही तिघांची मीटिंग घेतलीत. "निर्माता म्हणतो, हा वेडेपणा आहे. लेखक म्हणतो, निर्मात्याचं बरोबर आहे." मग जरा थांबून, "दिग्दर्शक वाट बघतोय." आणि खरंच, एवढी माणसं, एक बाई, आणि सगळे एका जुन्या फ्रिजची वाट बघत उभे. माझे खांदे भरून आले होते, पण काठी हलू दिली नाही.

मग तो थांबला. हेडफोनमध्ये आधी ते अंग झटकणं आलं, बाटल्या वाजल्या, आणि त्यानंतर आमचं घर ऐकू आलं. टेबलाशी बसलेल्या अभिनेत्रीने मान वर केली. मी जिथे उभी होते तिथून बेडरूमच्या दाराची फट दिसत होती. आत, त्याच क्षणी, मम्मीनेही मान वर केली होती. ते माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. तुम्ही 'कट' म्हणालाच नाहीत. शेवटी कॅमेऱ्यावरच्या माणसाने तुमच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा तुम्ही फक्त मान हलवलीत.

सिनेमा एका लहान थिएटरात आठवडाभर चालला. मम्मीने तो कोट अंगात ठेवूनच पाहिला आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "ओव्हन दिसलाच नाही." पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. ओकव्हिलला चर्चमध्ये मी मागच्या रांगेत होते. तुमच्या मुलीला मी तिथे पहिल्यांदा लांबून पाहिलं.

त्यानंतर तिला बघितलं ते आता, या महिन्यात. ती लंडनला असते, आपल्या ओंटारिओतल्या, तिथल्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. ईमेलना उत्तर आलं नाही. फोनवर म्हणाली, "मी त्याचे सिनेमे बघत नाही. तुम्हाला हवं ते करा." मी म्हटलं, हवं ते करायला मला परवानगी नाही, म्हणूनच फोन केला, आणि दोन मिनिटांचंच दृश्य आहे. ती म्हणाली, शनिवारी या. ४०१ हायवेवर बर्फ होता. टायर तुमचे नाहीत आता, पण त्याच मापाचे आहेत.

तिने दार उघडलं तेव्हा ती ड्यूटीच्याच कपड्यांत होती. मला स्वयंपाकघरात नेलं, कॉफी दिली, आणि मी स्पीकर मांडत असताना म्हणाली, "तुझ्यासाठी तो सर होता. माझ्यासाठी व्हॉइसमेल." मी वायर जोडली. ती बोलत राहिली. "डॅड बॉस्टनला आहे असं मला आई सांगायची. आणि तो असायचा टोरांटोत, गो लोकल ट्रेनने तासाभरावर, बॉस्टन बनवत." तिचा फ्रिज बऱ्यापैकी आवाज करत होता. तो चालू असता तर तिला कोणता आवाज सिनेमातला आणि कोणता तिच्या घरातला ते कळलं नसतं. मी विचारून त्याचा प्लग काढला. आधी सॉफ्टवेअरने साफ केलेलं दृश्य लावलं. तिने हाताची घडी घालून पाहिलं.

"ती वर का बघते?"

"हेच सांगायला आले आहे," मी म्हटलं, आणि घरघर ठेवलेलं लावलं.

ते संपलं. तिने समजावून मागितलं नाही आणि मी समजावलं नाही, एवढं तुम्ही मला शिकवलं आहे. "परत लाव," म्हणाली. परत लावलं. मग तिने विचारलं, "हे घर कोणाचं आहे?" मी म्हटलं, नॉर्थ यॉर्कमधला एक फ्लॅट आहे. ती म्हणाली, दृश्य चांगलं आहे, पण ते त्याला असंच हवं होतं हे मी कशावरून सांगू, मला तो काय ठरवायचा ते कधीच कळलं नाही. तिचं म्हणणं रास्त होतं. माझ्याकडे पुरावा नव्हता. मी स्पीकर बॅगेत भरले, कोट घातला, आणि खिसे चाचपायला लागले.

"काय हरवलं?"

"गाडीच्या किल्ल्या."

ती कॉफीचं दूध ठेवायला फ्रिजकडे वळली होती. दार उघडून ती तशीच उभी राहिली. किल्ल्या मधल्या कप्प्यात होत्या, लोण्याशेजारी. मी कधी ठेवल्या ते मलाही आठवत नव्हतं. प्लग काढला की हात ते आपोआप करतो. मी कारण सांगायला तोंड उघडलं, पण तिने हात वर केला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तो घरी जेवणाच्या टेबलावर लिहायचा. फ्रिजचा आवाज नको म्हणून बंद करायचा, आणि किल्ल्या आत. लोण्याशेजारी." दूध अजून तिच्या हातातच होतं. "मी सकाळी उठले की आधी फ्रिज उघडायचे. किल्ल्या असल्या तर डॅड घरी आहे. नसल्या तर गेला. मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवतात."

तिने दूध आत ठेवलं, किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या. त्या गार पडल्या होत्या. मग ती स्वतः वाकली, प्लग लावला, आणि फ्रिज सुरू होईपर्यंत त्याच्याजवळ उभी राहिली. "ज्या माणसाला फ्रिजचा आवाज चालायचा नाही," ती म्हणाली, "त्याने तो आवाज शेवटच्या सिनेमात चुकून ठेवला असेल असं नाही वाटत. राहू दे." सोमवारी तिचं तेवढ्याच अर्थाचं दोन ओळींचं ईमेल सुपरवायझरला आलं. नवी प्रत घरघरीसकट गेली. आता ती तशीच राहील.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. ते घर आमचं आहे, तो फ्रिज आमचा होता, आणि ती मान माझ्या आईची, हे मी सुपरवायझरला सांगितलं नाही आणि तुमच्या मुलीने सरळ विचारलं तरी तिलाही नाही. सांगितलं असतं तर हिचा यात स्वतःचा संबंध आहे असं म्हणाले असते, आणि ते बरोबर ठरलं असतं. मी सगळीकडे म्हणत होते की दिग्दर्शकाची इच्छा जपायला हवी. ते खरं आहे. पण बिल्डिंगवाल्यांनी तो फ्रिज केव्हाच नेला, आणि पप्पांनंतरच्या त्या वर्षातला आमच्या घराचा आवाज आता फक्त तुमच्या सिनेमात शिल्लक आहे, हेही खरं आहे.

आज रविवार. मी हे मम्मीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. नवा फ्रिज आवाज करत नाही, आणि ती आता मान वर करत नाही. खिडकीतून बाहेर बघून ती म्हणते, "बाय, लवकर नीघ हां. संध्याकाळी स्नो आहे म्हणे."

"निघते."

"चाव्या कुठे टाकल्यास? मघाशी टेबलावर होत्या."

फ्रिज चालू आहे, सर. मी काहीही रेकॉर्ड करत नाहीये. लंडनहून आल्यापासून दर रविवारी किल्ल्या आत ठेवते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. मम्मी दही काढायला फ्रिज उघडते, आत बघते, जराशी थांबते, आणि दार लावून टाकते.

"मग चहा ठेवते," म्हणते.